सगळीकडे अकरावी

छत्तीस हजार माणसं एकदम गप्प झाली की काय होतं? वरच्या रांगेतून घरंगळत आलेला बिअरचा रिकामा पेला प्रत्येक पायरीवर कसा आपटतो, ते ऐकू येतं. २०२५ साली १७ मेच्या रात्री, मध्यरात्र उलटून गेल्यावर, बाझलच्या फुटबॉल स्टेडियममध्ये मी तो पेला ऐकला. युरोव्हिजनची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेची, अंतिम फेरी शेजारच्या सांक्ट याकोब हॉलमध्ये चालली होती. तिथे साडेसहा हजारांचीच सोय, म्हणून उरलेल्यांसाठी स्टेडियममध्ये मोठाले पडदे लावून जत्रा भरवली होती. परीक्षकांचे गुण देऊन झाले होते आणि त्यांत यजमान स्वित्झर्लंड २१४ गुणांवर दुसरं होतं. आता त्यात प्रेक्षकांच्या मतांचे गुण मिळवायचे होते. ते खालून वर सांगत जातात, परीक्षकांनी तळाला टाकलेले देश आधी, डोक्यावर घेतलेले शेवटी. चोवीस देशांचं सांगून झालं. राहिले दोनच, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया. सगळ्यांत वर इस्राएल, ३५७. “आपल्याला १४४ हवेत!” माझ्या पुढच्या रांगेतला एक पोरगा ओरडला, आणि रांगेच्या रांग त्याच्याबरोबर तो आकडा घोकायला लागली. पडद्यावर झोए मे दिसली. पंचविशीच्या आतली मुलगी, जन्म बाझलचाच, म्हणजे अगदी गल्लीतली. निवेदिकेनं देशाचं नाव घेतलं, जरा थांबली, आणि म्हणाली, शून्य.

टप, टप, टप.

पुढच्याच मिनिटाला ऑस्ट्रियाची पाळी आली. ऑस्ट्रियाला प्रेक्षकांचे १७८ मिळाले, जेजे नावाचा ऑपेरातल्या उंच पट्टीत गाणारा मुलगा जिंकला, लोक उड्या मारायला लागले, आणि ते शून्य त्या गदारोळात कुठल्या कुठे बुडालं. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. एक तर मला त्या संध्याकाळच्या सव्वीस गाण्यांतलं तेच गाणं खरं आवडलं होतं. फ्रेंच गाणं, आवाज न चढवता म्हटलेलं. ना मागे नाचणारे, ना आगीचे फवारे, स्टेजवर एकटी मुलगी. आणि दुसरं म्हणजे त्या गाण्याला मी मत दिलं नव्हतं. देऊच शकत नव्हते. ज्या देशातून तुम्ही मत देता त्या देशाच्या गाण्याला मत देता येत नाही, हा या स्पर्धेचा पहिला नियम. माझ्याकडे वीस मतं होती, तेव्हा एका फोनमागे तेवढी देऊ देत, आणि ती मी स्वीडनच्या त्या सौनावाल्या तिघांवर उधळली. फिनलंडमधल्या एका गावची स्वीडिश बोली, नाचणाऱ्यांच्या अंगाला टॉवेल, स्टेजवर लाकडी सौना, म्हणजे वाफेनं घाम काढायची खोली, धमाल. पण ते आवडणं हसण्यातलं होतं. झोए मे संपल्यावर मी थोडा वेळ कुणाशी बोलले नव्हते, हे आवडणं निराळं.

आता इथे एक गंमत आहे, जी मला तेव्हा गंमत वाटली नव्हती. हा सोहळा बाझलला होणार हे ठरलं तेव्हा एका छोट्या धार्मिक वळणाच्या पक्षानं सह्या गोळा करून खर्चाला आव्हान दिलं. साधारण साडेतीन कोटी फ्रँकचा प्रश्न होता. स्वित्झर्लंडमध्ये अशा गोष्टींवर जनमत घेतात. पूल बांधायचा का, डोंगरावर गाडी न्यायची का, आणि झालंच तर गाण्याच्या स्पर्धेला पैसे द्यायचे का. २४ नोव्हेंबर २०२४ला मतदान झालं, ६६.६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. आमच्या जिन्यात प्रत्येकाच्या पेटीत जाड पाकिटं येऊन पडली होती, माझी पेटी तेवढी रिकामी. मी अकरा वर्षं इथे राहते, कर भरते, कचऱ्याची निळी पिशवी कुठल्या वारी बाहेर ठेवायची ते झोपेतही सांगेन, पण नागरिक नाही. म्हणजे नोव्हेंबरात मला मत नव्हतं कारण मी इथली नाही, आणि मे महिन्यात त्या मुलीला मत देता येत नव्हतं कारण मी इथली आहे. मी हे खालच्या मजल्यावरच्या आजींना सांगितलं तर त्या खो खो हसल्या, आणि मग त्यांनी मला आपल्या बागेतला रुबार्ब दिला. स्विस लोकांना वाईट वाटलं की ते भाजी देतात, असं माझं एक निरीक्षण आहे.

खरं तर एक वाट होती. २०२३पासून स्पर्धेबाहेरच्या देशांतल्या लोकांनाही मत देता येतं. सगळ्या उरलेल्या जगाची मिळून एका देशाइतकी किंमत धरतात. म्हणजे न्यूयॉर्क, नैरोबी आणि पुणे मिळून एक सान मारिनो. मी दादाला आठवडाभर आधी फोन करून ठेवला होता. “दादा, शनिवारी रात्री एका पोरीला मत टाक ना.” तो म्हणाला, किती वाजता? मी म्हटलं, सुरू होतं तुमच्या साडेबाराला, संपायला चार वाजतील. पलीकडे शांतता. मग म्हणाला, “आणि पैसे?” थोडे पडतात, कार्डानं भरायचे. “परदेशी साइटवर कार्ड?” दादा बँकेत आहे. लोकांना ओटीपी कुणाला सांगू नका असं दिवसातून वीस वेळा सांगणारा माणूस. मी विषय सोडून दिला. आग्रह केला नाही, आणि बोचत राहिलं ते हेच. दादाच्या एका मतानं काही झालं नसतं, हे मलाही कळतं. पण ‘काही झालं नसतं’ म्हणणारे आम्ही किती जण होतो, हा हिशेब त्या रात्री स्टेडियममध्ये माझ्या मनात सुरू झाला तो झालाच.

शून्याचा अर्थ काय, हेही मला तोवर नीट माहीत नव्हतं. मला वाटायचं, शून्य म्हणजे कुणीच मत दिलं नाही. तसं नसतं. प्रत्येक देशात प्रेक्षकांची मतं मोजून क्रम लावतात आणि पहिल्या दहांना गुण मिळतात: बारा, दहा, मग आठपासून खाली एकपर्यंत. ही पद्धत १९७५पासूनची. अकराव्याला काही नाही. एखादं गाणं लाखभर लोकांना आवडू शकतं, त्यांतल्या प्रत्येकानं पदरचे पैसे घालून त्याला मत दिलेलं असू शकतं, आणि तरी ते प्रत्येक देशात अकरावं आलं तर त्याच्या नावापुढे पोर्तुगालपासून अझरबैजानपर्यंत नुसतं शून्य. मुद्दाम ठरवूनही इतकं साधायचं नाही. परीक्षक मंडळी सगळीच गाणी क्रमानं लावतात, त्यांच्या कागदावर दुसऱ्या-तिसऱ्या आवडीलाही मोल असतं. फोनवर बोट ठेवणारा माणूस मात्र एकच विचार करतो, माझं कोण? झोए मे बहुतेकांचं दुसरं, तिसरं, चौथं गाणं असणार. ‘हो, तेही छान होतं’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात ते गाणं.

ही जागा माझ्या ओळखीची आहे.

सांगलीला आमच्या गल्लीच्या मंडळाची गणपतीत गाण्याची स्पर्धा असायची. सातव्या दिवशी, आरतीनंतर, पत्र्याच्या मांडवात. माईक होता तो कधी कधी मुंबई आकाशवाणीही पकडायचा. मी सहावीत असताना भावगीत म्हटलं होतं. परीक्षक म्हणून मिरजेहून एक तंबोऱ्याचे कारागीर आले होते. भोपळ्याची धूळ कायमची बसलेली बोटं, त्यांत बॉलपेन, मांडीवर पाठकोरा कागद. माझं गाणं चालू असताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. निकाल लागला. पहिला, दुसरा, तिसरा, आणि मग मंडळाचे अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, उत्तेजनार्थ. मला स्टीलची वाटी मिळाली. तळाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं मंडळाचं नाव आणि साल. मी वाटी घेऊन खाली उतरले तेव्हा ते कारागीर चहा पीत होते. म्हणाले, “गळा आहे गं बाळ, पण घाई आहे.” घरी जाऊन मी रडले. तेव्हा वाटलं होतं, न मिळालेलं बरं. उत्तेजनार्थ म्हणजे ‘तूही होतीस’ याची पावती. आज मात्र वाटतं की बारा, दहा, आठ असले आकडे लावणाऱ्या त्या युरोपीय मंडळींना एवढ्या वर्षांत हा शब्द सुचू नये, हे नवलच.

सुरुवात झाली तेव्हा त्यांनीही कुणाला किती गुण मिळाले हे झाकूनच ठेवलं होतं. २४ मे १९५६, स्वित्झर्लंडमधलंच लुगानो. युद्ध संपून अकराच वर्षं झालेली. देशादेशांच्या टीव्ही केंद्रांना एकमेकांशी तारांनी जोडून एकच कार्यक्रम एकाच वेळी सगळीकडे दाखवता येतो का, हे पाहायचं होतं. स्विस टीव्हीचे मार्सेल बेझाँसाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे इटलीच्या सानरेमो महोत्सवाचा नमुना होता. सात देश आले, प्रत्येकाची दोन गाणी. परीक्षकांना आपल्याच देशाला गुण द्यायला मुभा होती, आणि लक्झेंबर्गच्या परीक्षकांना येता आलं नाही म्हणून त्यांच्या वतीनं गुण कुणी दिले, तर स्विस लोकांनी. जिंकली स्वित्झर्लंडची लिस आसिया. वाचून कपाळावर हात मारून घ्यावा असा प्रकार, पण बाकीच्यांना किती गुण पडले ते कधी जाहीरच झालं नाही, त्यामुळे भांडायलाही कुणाला काही सापडलं नाही. खालच्या आजी तिकडच्याच, लुगानोच्या तिचिनो प्रांतातल्या. तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. टीव्ही गावात कुणाकडेच नव्हता. त्यांच्या वडिलांनी रेडिओ खिडकीत ठेवला होता आणि अंगणात शेजारपाजारचे लोक भिंतीला टेकून उभे होते. त्यांना गाणी आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच, की वडिलांनी त्या दिवशी घरात बूट काढले नव्हते, पाहुणे आल्यासारखे.

आपल्या देशाला मत नाही, हा नियम आला पुढच्याच वर्षी, फ्रँकफर्टला. आणि माझं म्हणणं असं, की ही स्पर्धा सत्तर वर्षं टिकली ती या नियमावर. गाण्यांचं काय, गाणी बहुतेक वेळा बेताचीच असतात. मजा असते ती गाणी संपल्यावरच्या तासाभरात. ऑस्लोमधला माणूस ‘गुड इव्हिनिंग’ म्हणतो, उगाच दोन मिनिटं लांबवतो, आणि मग सांगतो की आमचे बारा गुण अमक्याला. आपलं सोडून दुसऱ्या कुणाचं तरी नाव त्याला घ्यावंच लागतं. मग नॉर्डिक देश एकमेकांकडे बघतात, सायप्रस आणि ग्रीस एकमेकांच्या ओंजळीत बारा-बारा टाकतात आणि हॉलभर हशा पिकतो, कारण सगळ्यांना ते आधीच माहीत असतं. लग्नात आहेर वाचून दाखवायची पद्धत होती ना, कुणाकडून किती आले, तसं हे. अवघडलेलं, जरा निर्लज्ज, आणि जागेवरून उठवत नाही असं.

आईला हे मी एकदा समजावून सांगत होते, तर ती म्हणाली, मग आमचं काय वेगळं होतं? तिला २००९ सालची ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ आठवत होती. पाच पोरं शेवटच्या फेरीत: आळंदीची कार्तिकी, रत्नागिरीकडचा प्रथमेश, अलिबागची मुग्धा, पुण्याची आर्या, लातूरचा रोहित. ज्या त्या गावानं आपापल्या पोरासाठी एसएमएसचा रतीब लावलेला. आमच्या सांगलीचं त्यांत कुणीच नव्हतं. म्हणून आई मोकळी होती. तिनं आठवड्याला पन्नास रुपयांचं रिचार्ज मारून निम्मी मतं कार्तिकीला आणि निम्मी प्रथमेशला दिली, आणि बाबांनी ‘अगं, दोघांना दिलंस म्हणजे कुणालाच नाही दिलंस’ असं गणित मांडल्यावर म्हणाली, “मला दोघं आवडतात. तुमचं गणित तुमच्यापाशी.” जिंकली कार्तिकी. पण आई अजूनही सांगते ती आपल्या मतांची गोष्ट, निकालाची नव्हे.

शून्यवाल्यांच्या मागे लागले तेव्हा मला काही फार सुरेख माणसं भेटली. रात्री जेवण झाल्यावर जुने व्हिडिओ बघत बसायचं, हा माझा जूनभर उद्योग होता. नॉर्वेचा यान टायगन, १९७८, पॅरिस. गॅलिस, ती छातीवर ताणून फटकन सोडतो, उडी मारतो, गाणं सुरात आहे की नाही याची त्याला फारशी फिकीर दिसत नाही. बारा गुणांची पद्धत आल्यापासूनचं ते पहिलं शून्य. घरी परतल्यावर नॉर्वेत ते गाणं तुफान चाललं, आणि पुढे दोनदा तो पुन्हा स्पर्धेत आला. मग १९८३ची स्पेनची रेमेदिओस अमाया, म्युनिकच्या चकचकीत स्टेजवर अनवाणी, गळ्यात खरखरीत फ्लामेंको. तिचं गाणं ऐकताना मला नेहमी वाटतं की हिला यांनी चुकीच्या मांडवात आणलं. २०१५ला यजमान ऑस्ट्रियाच शून्यावर बसला, स्वतःच्या व्हिएन्नात. आणि २०२१ला रॉटरडॅममध्ये ब्रिटनचा जेम्स न्यूमन. परीक्षकांचं शून्य, वर प्रेक्षकांचं शून्य. तो उठून उभा राहिला, दोन्ही हात वर केले, आणि हॉलनं त्याला अशा टाळ्या दिल्या की जिंकलेल्याला वाटावं, आपण काय कमावलं? मी ती क्लिप चार-पाच वेळा पाहिली असेल. त्याचं हसू मला पूर्ण खरं वाटत नाही. जबडा जरा घट्ट आहे. पण हात मात्र मनापासून वर गेलेत.

पण सगळ्यांत वर मी ठेवते ते शून्यवाल्याला नाही, तीन गुणवाल्याला. ६ एप्रिल १९७४, ब्रायटन. ही तारीख जगाला त्या दिवशी जिंकलेल्या ॲबा या स्वीडिश गटासाठी माहीत आहे, आणि ते बरोबरच आहे. त्यांचा वाद्यवृंद चालवणारा गृहस्थ नेपोलियनचा वेष करून आला होता, अशा संध्याकाळी दुसरं कोण लक्षात राहणार? त्याच संध्याकाळी पोर्तुगालच्या पाउलो दि कार्व्हाल्योनं निरोपाचं एक गाणं म्हटलं. प्रेम संपल्यानंतर काय उरतं, असा काहीसा भाव. तीन गुण, सर्वांत शेवटी, आणखी तीन देशांच्या मांडीला मांडी लावून. तो घरी गेला. अठराच दिवसांनी, २४ एप्रिलला रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना, लिस्बनच्या रेडिओवर ते गाणं लागलं. ऐकणाऱ्याला वाटलं असेल, लागलं नेहमीचं गाणं. पण बराकींमध्ये काही तरुण अधिकारी रेडिओला कान लावून बसले होते. त्यांच्यासाठी तो इशारा होता, तयारीला लागा. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या गाण्याचा इशारा आला, रणगाडे निघाले, आणि अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही दुसऱ्या दिवशी कोसळली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली. ते गाणं निवडलं कारण त्यात कुणाला संशय यावा असं काहीच नव्हतं. राजकारण नाही, घोषणा नाही. नुकतंच युरोपसमोर हरून आलेलं, रेडिओवर रोज वाजणारं. पहिलं आलं असतं तर कदाचित जास्त कानांनी ऐकलं गेलं असतं, कुणास ठाऊक.

हे सगळं मी मोठ्या प्रेमानं लिहिते आहे खरी, पण त्या मे महिन्यात माझं मन साफ नव्हतं. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी रातहाउसपासून, म्हणजे नगरभवनापासून, मधल्या पुलावरून पलीकडच्या काठापर्यंत निळसर हिरवा गालिचा अंथरला होता, गायक जुन्या ट्रॅममधून हात हलवत गेले, आमच्या फास्नाख्टचे, म्हणजे बाझलच्या कार्निव्हलचे, ढोल वाजले. त्याच गर्दीत गाझाबद्दल फलक धरून लोक उभे होते, आणि पोलीसही. इस्राएलची गायिका स्वतः हमासच्या ७ ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यातून वाचलेली. प्रेक्षकांची सर्वाधिक मतं तिला, एकूण क्रमांक दुसरा. ती मतं गाण्याला होती, की तिच्यावर गुदरलेल्या प्रसंगाला, की एका सरकारला, यावर नंतर महिनोनमहिने वाद झाला, मत देण्याची पद्धत तपासा अशी मागणी झाली, आणि डिसेंबरात स्पेन, आयर्लंड, नेदरलंड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंड यांनी २०२६ला आम्ही येणार नाही म्हणून कळवलं. एका फोनमागची मतं विसावरून दहावर आणली. ‘गाण्यात राजकारण आणू नका’ हे वाक्य दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. देशांच्या झेंड्याखाली लोकांना उभं करायचं, कोण कुणाला किती देतं हे जगासमोर मोजायचं, आणि वर म्हणायचं की हे नुसतं गाणं आहे, असं कसं चालेल? मला बाजू घ्यायला सांगाल तर माझी एक बाजू आहे, पण त्या रात्री मी तिकीट काढून आत बसले होते, हेही खरं. बाहेर फलक धरलेल्यांत माझ्या प्रयोगशाळेतली एक मुलगी होती. सोमवारी आम्ही दोघींनी हवामानावर पुष्कळ बोलून घेतलं.

स्पर्धेत गाणं तीन मिनिटांपेक्षा लांब चालत नाही. इटलीनं १९५७ला पाच मिनिटांवर ताणलं, तेव्हापासून हा नियम कडक झाला. त्या मिरजेच्या कारागिरांना हे सांगितलं असतं तर काय म्हणाले असते, असं माझ्या मनात येतं. त्यांना नुसती जवारी लावायला, तारेखाली दोरा सरकवून सरकवून आवाज खुलवायला, अर्धा दिवस लागायचा. तीन मिनिटांत तंबोरा पिशवीतून बाहेर येईल फक्त. पण ‘घाई आहे’ हे त्यांचं बोलणं मला झोए मेचं गाणं ऐकताना आठवलं ते उलट्या कारणानं. सव्वीस जण तीन मिनिटांत सगळं सिद्ध करायला निघालेले, प्रत्येकाला शेवटच्या तीस सेकंदांत सूर वर चढवायचाय, कुणाच्या अंगातून ज्वाळा निघतायत, कुणी हवेत लटकतंय. आणि ही एक मुलगी घाई न करता उभी. परीक्षकांनी ते कागदावर टिपलं. फोनवर बोट ठेवणाऱ्यांना ज्याची घाई होती ते तिच्यापाशी नव्हतं. त्यांत वीस मतांची मीही आले.

दिवाळीला सांगलीला गेले होते. दुपारी आई स्वयंपाकघरात अनारशाचं पीठ मळत होती, दादा पुण्याहून आलेला, पाट ओढून वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी फोनवर ते गाणं लावलं. फोन डब्यांच्या फळीला टेकवून ठेवला. आईनं मळणं थांबवलं नाही, पण तिचा हात हळू पडला, एवढं मी पाहिलं. शब्द तिला कळत नव्हते. मलाही निम्मेच कळतात. गाणं संपल्यावर दादा म्हणाला, “हीच का ती, मत टाक म्हणालेलीस?” मी म्हटलं, हो. “मग टाकायला हवं होतं,” असं तो पेपरातून मान न काढता म्हणाला, आणि पान उलटलं.

“कितवी आली?” आईनं विचारलं.

“एकूण दहावी. लोकांचे गुण शून्य.”

“शून्य?” आईनं पिठाचा गोळा परातीत आपटला. “आणि गाणी कुठं होती? तुमच्याच गावात ना?”

“हो.”

“म्हणजे आपल्याच गावात बोलावलं, एवढी माणसं जमवली, आणि पोरीला उत्तेजनार्थसुद्धा काही दिलं नाही?” ती माझ्याकडे असं बघत होती, जणू त्या मंडळाची अध्यक्ष मीच. मग पिठानं माखलेल्या हातानं फळीकडे बोट दाखवून म्हणाली, “ती तुझी वाटी दे इकडं. खसखस घ्यायची आहे.”